हेराचं वय संहितेला ठाऊक असू द्या

(पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेल्या पत्राचा हा सारांश. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पत्रलेखक 56 वर्षांचे आहेत. सहकारी बँकेत नोकरी करतात, निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. गावातल्या हौशी नाट्यमंडळाचं रहस्यनाटक गेली 18 वर्षं गणेशोत्सवात होतं. कथानक दरवर्षी नवं असतं, पण नायक एकच, भारतीय गुप्तहेर ‘कॅप्टन’. ही भूमिका पहिल्या वर्षापासून ते करत आले आहेत. खिडकीतून उडी, दोन मारामाऱ्या आणि नायिकेबरोबर एक गाणं हे ठरलेलं. यंदा तालमीत लेव्हलवरून, म्हणजे रंगमंचावरच्या उंचवट्यावरून, उडी घेताना गुडघा मुरगळला. पुढच्या बैठकीत दिग्दर्शकाने सुचवलं की कॅप्टन यंदा एका 29 वर्षांच्या मुलाने करावा आणि यांनी हेरखात्याच्या ‘चीफ’ची भूमिका घ्यावी. तीन प्रवेश, तिन्ही टेबलामागे बसून. पत्नीचं म्हणणं, “झेपत नसेल तर सोडा.” ते लिहितात, “रॉजर मूर 57 पर्यंत बाँड होता. टॉम क्रूझ 62 व्या वर्षी विमानाला लटकतो. मग मलाच का हा नियम? तो पोरगा आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार. मी मंडळाचा राजीनामा लिहून ठेवला आहे. देऊ का?”

नमस्कार कॅप्टन,

तुमचं नाव इथे छापता येणार नाही. पण बाजारात निम्मं गाव तुम्हाला याच नावाने हाक मारतं असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा मीही तेच वापरते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमची बाजू घेऊन, मंडळावर चिडत वाचलं. दुसऱ्या वाचनात एका वाक्यापाशी अडखळले. त्याकडे शेवटी येते.

आधी गुडघा. उडीनंतर आवाज आला, दोन दिवस सूज होती आणि अजून जिना उतरताना कळ येते, एवढं तुम्ही लिहिलंय. तेल चोळून आणि पट्टा बांधून तालीम सुरू ठेवलीत, तेवढं मात्र थांबवा. या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. भूमिका कुणी करायची हा वाद त्यानंतरचा. डॉक्टरांनी काही सांगेपर्यंत उडी बंद, मग कॅप्टन तुम्ही करा नाहीतर आणखी कुणी.

आता तुमचे दाखले. हे चित्रपट मी लहानपणापासून पाहत आले आहे आणि ते मला मनापासून आवडतात, म्हणून जरा सविस्तर बोलते.

टॉम क्रूझ यांचा दाखला आधी घेऊ, कारण तो सगळ्यात जास्त चकवतो. 1996 मध्ये पहिला ‘मिशन: इम्पॉसिबल’ आला तेव्हा ते 33 वर्षांचे होते, 2025 मध्ये ‘द फायनल रेकनिंग’ आला तेव्हा 62. तुमचा आकडा अचूक आहे. पण 2017 मध्ये लंडनला एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर उडी मारताना त्यांचा घोटा मोडला. ते तेव्हा 55 चे होते, तुमच्याहून वर्षाने लहान. चित्रीकरण कित्येक आठवडे बंद पडलं. तो शॉट त्याच मालिकेतल्या ‘फॉलआउट’मध्ये तसाच आहे. ते भिंतीवर आदळतात, वर चढतात आणि लंगडत कॅमेऱ्यासमोरून निघून जातात. हे त्यांना परवडलं, कारण थांबायला स्टुडिओ तयार होता. तुमच्या नाटकाची तारीख चतुर्थीला बांधलेली आहे आणि पाचव्या दिवशी पडदा वर जाणारच. पडद्यावरची एक उडी पाच तुकड्यांत कापलेली असते. आत्ता पाय, मग चेहरा, मग जमिनीवर टेकलेले हात. रंगमंचावर ती एकच असते, अख्खी, आणि तिसऱ्या रांगेतल्या आजींनाही ती पूर्ण दिसते. मी अकरा वर्षं विंगेत प्रॉम्प्टिंग केलंय. नटाचं पाऊल किंचित चुकलं की सभागृहात श्वास कसा रोखला जातो, हे तिथून मी ऐकलंय.

रॉजर मूर यांची गोष्ट निराळी आहे आणि तुमच्या प्रश्नाच्या जवळची आहे. त्यांचा जन्म 14 ऑक्टोबर 1927 चा. ज्यांच्या जागी ते आले त्या शॉन कॉनरी यांच्यापेक्षा ते जवळजवळ तीन वर्षांनी मोठेच होते. 1973 मध्ये ते पहिल्यांदा बाँड झाले तेव्हा 45 वर्षांचे होते. बाँडचे जनक इयान फ्लेमिंग यांच्या 1955 च्या ‘मूनरेकर’ कादंबरीत हेरांसाठी नियत वयोमान दिलेलं आहे. शून्य-शून्य क्रमांकाच्या माणसाला 45 व्या वर्षी मैदानातून काढतात आणि मुख्यालयात टेबलावर बसवतात. त्या कादंबरीतला बाँड 37 चा आहे आणि उरलेली आठ वर्षं मनाशी मोजतो. म्हणजे पुस्तकातला हेर ज्या वयात खुर्चीत बसतो, त्या वयात मूर यांनी पळायला सुरुवात केली आणि पुढची 12 वर्षं, सात चित्रपट, पळत राहिले.

त्यांच्यानंतर महिन्याभराने, 16 नोव्हेंबर 1927 ला, इकडे डॉ. श्रीराम लागू जन्मले. कान-नाक-घशाचे डॉक्टर. 1969 मध्ये व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाले आणि 1970 मध्ये ‘नटसम्राट’मध्ये अप्पा बेलवलकर म्हणून उभे राहिले. तेव्हा त्यांचं वय 43. त्या वयाच्या माणसाने स्वतःचं सगळं तरुणपण बाजूला ठेवून थकलेले खांदे, ओढत टाकलेलं पाऊल आणि घरातून बाहेर पडलेल्या म्हाताऱ्याचा आवाज अंगावर घेतला. एकाच वर्षी जन्मलेले हे दोन नट मी पुष्कळदा शेजारी ठेवून पाहिले आहेत. एकाच्या हातातली संहिता वयाबद्दलच बोलत होती. दुसऱ्याच्या हातातली संहिता वयाचं नावही काढायला तयार नव्हती. 1985 चा ‘अ व्ह्यू टू अ किल’ हा मूर यांचा शेवटचा बाँडपट पाहताना मूर कुठे थांबले आणि डुप्लिकेट कुठे सुरू झाला, हे साध्या डोळ्यांना कळतं. त्या चित्रपटासाठी आपलं वय जास्त झालं होतं, हे मूर यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने मान्य केलं. मूर मला फार आवडतात. त्यांचं हसू, तो सुटसुटीत शब्दोच्चार 57 व्या वर्षीही शाबूत होता. अडचण त्यांच्या सुरकुत्यांची नव्हतीच. त्या सुरकुत्यांना चित्रपटात करायला काही काम नव्हतं.

याच्या उलट ‘स्कायफॉल’ हा बाँडपट आठवा. 2012 सालचा. डॅनियल क्रेग तेव्हा 44 वर्षांचे, मूर यांच्या सुरुवातीच्या वयाहूनही लहान. पण तिथला बाँड शारीरिक चाचणीत नापास होतो. त्याचा नेम चुकतो, खांदा साथ देत नाही, आणि त्याची वरिष्ठ हे त्याच्यापासून लपवून त्याला कामगिरीवर पाठवते. लंडनच्या नॅशनल गॅलरीत तो टर्नरच्या एका चित्रासमोर बसतो. एक जुनी, मानाची युद्धनौका भंगारात काढण्यासाठी ओढून नेली जात आहे. शेजारी येऊन बसतो तो हेरांना शस्त्रं-यंत्रं पुरवणारा नवा, कोवळा ‘क्यू’, आणि तो त्या चित्राबद्दलच बोलतो. हा प्रवेश मी किती वेळा पाहिला असेन! 44 वर्षांचा नट त्या बाकावर म्हातारा वाटतो आणि आपण त्याच्याकडे अधिकच ओढले जातो, कारण पुढे तो जे करतो ते त्याला जड जाणार आहे, हे आपल्याला आधीच ठाऊक असतं.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा फिरवून तुम्हालाच विचारते. “माझं वय झालंय का?” हे सोडून द्या. तुमच्या कॅप्टनचं वय किती? 18 वर्षांत 18 संहिता झाल्या. त्यांपैकी एकीत तरी तो कालच्यापेक्षा वर्षाने मोठा झाला का? पहिल्या वर्षी तुम्ही 38 चे होता. क्रेग ‘कसिनो रोयाल’ या त्यांच्या पहिल्या बाँडपटाच्या वेळी नेमके तेवढेच होते. पाच चित्रपटांत त्यांचा बाँड रागीट, मग दुखावलेला, मग थकलेला आणि शेवटी एका लहान मुलीचा बाप झाला. तुमचा कॅप्टन मात्र, तुम्ही लिहिलंय तसा, दरवर्षी “पस्तिशीचा, देखणा, अविवाहित” असाच संहितेच्या पहिल्या पानावर येतो. तो न वाढल्याचा सगळा भार तुमच्या गुडघ्यावर आणि केसांच्या रंगावर पडला आहे.

प्रेक्षकांना वय कळत नाही, असं तुम्हाला वाटतं. कॅप्टन, तुमच्या मुलाच्या लग्नात यांतले निम्मे लोक जेवून गेले आहेत. तुमच्या काउंटरवर ते पासबुक भरून घेतात. तुमचं वय त्यांना पुरतं माहीत आहे आणि तरी दरवर्षी ते खुर्ची धरायला तासभर आधी येतात. याचा अर्थ नीट लावा. ते पस्तिशीच्या माणसाला बघायला येत नाहीत, ते तुम्हाला बघायला येतात.

केसांचं निघालंच आहे तर सांगते. ज्यांना सगळे ‘खरा बाँड’ मानतात ते कॉनरी पहिल्या बाँडपटापासूनच टोप घालत होते. 1962 मध्ये, बत्तिशीच्या उंबरठ्यावर. म्हणजे जे तारुण्य आपण मापदंड म्हणून धरतो, तेही रंगभूषेच्या टेबलावर तयार झालेलं. पुढे त्यांनी टोप काढून ठेवला, पांढरी दाढी ठेवली आणि 1987 च्या ‘द अनटचेबल्स’मधल्या उतारवयाच्या पोलिसासाठी ऑस्कर मिळवलं. दोन वर्षांनी ते पडद्यावर हॅरिसन फोर्ड यांचे वडील झाले. दोघांत प्रत्यक्षात अंतर जेमतेम 12 वर्षांचं! बापाची भूमिका घेतली म्हणून त्यांचा मान कुठे कमी झाला, असं मला दिसलं नाही.

माझ्या म्हणण्याला आडवी जाणारी एक गोष्टही सांगायला हवी. 1983 मध्ये दोन बाँडपट आले, दोघांचे नायक पन्नाशीपुढचे. ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ने कॉनरी यांचं वय मान्य केलं. तिथे वरिष्ठ बाँडला शरीरशुद्धीसाठी आरोग्यधामात धाडतात. उदयपूरला चित्रित झालेल्या ‘ऑक्टोपसी’त 55 वर्षांचे मूर वयाचा उच्चारही न करता रेल्वेच्या टपावरून धावले. गल्ला ‘ऑक्टोपसी’नेच जास्त जमवला. लोकांना ओळखीचा, न बदलणारा नायक हवा असतो, हे खरं आहे आणि तुमच्या मंडळालाही ते ठाऊक असणार. म्हणून तुम्ही यंदा हट्टाने कॅप्टन केलात तर प्रयोग पडेल, असं मी म्हणणार नाही. कदाचित टाळ्याही मिळतील. पण आणखी एकाच चित्रपटानंतर मूर यांना थांबावं लागलं आणि थांबताना त्यांच्या बाँडला निरोपाचा एक प्रवेशही लिहिला गेला नव्हता. तुमच्या कॅप्टनचं तसं होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आता राजीनामा. तो देऊ नका. निदान रागात देऊ नका, आणि ‘यापुढे कधीही रंगमंचावर पाऊल ठेवणार नाही’ हे तुम्ही लिहिलेलं वाक्य आजच खोडा. कॉनरी यांनी 1967 नंतर भूमिका सोडली आणि 1971 मध्ये परत आले. मग पुन्हा कधीच नाही म्हणाले आणि 1983 मध्ये आणखी एकदा आले. त्या चित्रपटाचं नाव, ‘कधीच नाही असं कधी म्हणू नये’ या अर्थाचं, त्यांच्या पत्नीने सुचवलं होतं. घरच्या माणसांना आपल्याबद्दल पुष्कळ कळत असतं. “झेपत नसेल तर सोडा” हे तुमच्या पत्नीचं वाक्य तुम्हाला लागलं. पण ज्या बाईने 18 वर्षं तुमच्या तालमींसाठी रात्रीचं जेवण झाकून ठेवलं, तिच्या त्या वाक्यात गुडघ्याची काळजी जास्त असेल आणि भूमिकेबद्दलचं मत कमी. तिला एकदा नीट विचारा, “कॅप्टनचं काय करू?” सोडू की नको, हे विचारू नका. काय करू, एवढंच विचारा.

पण चीफची भूमिका जशी दिली आहे तशीही घेऊ नका. तीन प्रवेश, टेबलामागे, हातात फाइल, “कॅप्टन, देश तुमच्याकडे आशेने पाहतोय” हे एक वाक्य आणि ब्लॅकआउट. अशा भूमिकेत 18 वर्षं कॅप्टन केलेला नट बसवणं ही नासाडी आहे आणि तुमचा राग मला इथे रास्त वाटतो. मात्र चीफ म्हणजे पायरी उतरणं, हा तुमचा समज तपासून पाहा. भारताची ‘रॉ’ ही गुप्तचर संस्था 1968 मध्ये उभी राहिली तेव्हा तिची सूत्रं रामेश्वरनाथ काव यांच्या हाती दिली गेली. ते तेव्हा 50 वर्षांचे होते. हेरगिरीचं खरं काम बहुतेक वेळा असं खोलीत बसून, माणसं ओळखून आणि गप्प राहून चालतं. बाँडपटांतही पाहा. जूडी डेंच 1995 मध्ये, वयाच्या साठीत, बाँडची वरिष्ठ ‘एम’ झाल्या. आधी त्यांच्याही वाट्याला टेबलामागचे थोडेच प्रवेश होते. ते वाढत गेले आणि ‘स्कायफॉल’मध्ये अख्खी गोष्ट त्यांच्याभोवती फिरली. त्या तेव्हा 77 वर्षांच्या होत्या. ॲलेक गिनेस 1979 मध्ये 65 व्या वर्षी बीबीसीच्या मालिकेत निवृत्तीतून परत बोलावलेला हेर झाले. त्यात धावाधाव जवळजवळ नाहीच. तो माणूस चष्मा पुसतो आणि जुन्या गोष्टी आठवतो, आणि आपण खुर्चीच्या कडेवर येतो.

मी तुमच्या जागी असते तर पुढच्या बैठकीआधी लेखकाला गाठून चहा पाजला असता आणि विचारलं असतं, “चीफ म्हणजे आपला कॅप्टनच असेल तर?” तोच माणूस, 18 कामगिऱ्या केलेला. मैदान का सोडलं? गुडघ्यामुळे. घाला तो गुडघा नाटकात! टेबलामागून उठताना त्याला हात टेकावा लागू दे. पहिल्या प्रवेशात त्याने नव्या मुलाला कामगिरी समजावून सांगताना मध्येच थांबावं, कारण ती खिडकी, ती उडी, तो बंगला त्याला आतून माहीत आहे. दुसऱ्या अंकात मुलगा अडकतो तेव्हा चीफला स्वतः जावंच लागेल. जाऊ दे, पण दारातून, चालत, साध्या छत्रीसह. मारामारी करायची तर एकच, एका जागी उभं राहून, तीन हालचालींची, आणि ती त्याने जिंकावी ती घराचा नकाशा पाठ असल्यामुळे. असं दक्षिणेत घडलंय. कमल हासन यांनी 1986 मध्ये ‘विक्रम’ नावाचा हेर केला आणि 2022 मध्ये, 67 व्या वर्षी, त्याच नावाच्या चित्रपटात तोच हेर परत आणला, नातवाचा आजोबा म्हणून. लोकांनी तो डोक्यावर घेतला.

लेखकाने नकार दिला तर? सहा आठवडे उरलेत, संहिता बांधून झाली आहे, असं तो म्हणू शकतो. मग यंदा तीनच प्रवेश घ्या आणि पुढच्या वर्षीची संहिता आत्ताच ठरवून घ्या. किंवा यंदा कॅप्टन तुम्हीच करा, पण हे शेवटचं वर्ष असं फलकावर छापून, उडी काढून टाकून आणि शेवटच्या प्रवेशात ओळखपत्र नव्या मुलाच्या हातात देऊन. हाही मला चांगला मार्ग वाटतो. तारीख आपण ठरवली तर निरोप लिहिता येतो. कोणता मार्ग घ्यायचा हे ठरवण्याआधी गेल्या वर्षीच्या प्रयोगाचं चित्रीकरण दोनदा पाहा. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून नुसतं ऐकत. तुमचं पत्र वाचून माझा अंदाज आहे की दुसऱ्या वेळी तुम्हाला तुमचा कॅप्टन जास्त भेटेल. तसं झालं तर तुमचं बळ आवाजात आहे, आणि लेखकाला काय सांगायचं तेही ठरेल.

त्या 29 वर्षांच्या मुलाबद्दल थोडं. ‘आयत्या पिठावर रेघोट्या’ असं तुम्ही लिहिलंत. 1969 मध्ये जॉर्ज लॅझेनबी बाँड झाले तेव्हा ते साधारण याच वयाचे होते, आजवरचे सर्वांत तरुण. कॉनरी यांच्या सावलीत उभं राहून एकच चित्रपट केला आणि स्वतःच बाजूला झाले. सावली फार मोठी असते, कॅप्टन. तुमच्या गावात ती सावली तुमची आहे. पहिल्या एंट्रीला टाळी पडली नाही तर त्या मुलाला काय वाटेल, याचा विचार करा. ‘नो टाइम टू डाय’मध्ये निवृत्त बाँड परत येतो तेव्हा त्याचा 007 हा क्रमांक एका तरुण स्त्री-हेराला दिलेला असतो. दोघं आधी एकमेकांना टोमणे मारतात. पुढे, खऱ्या जोखमीच्या वेळी, तीच वरिष्ठांना सांगते की हा क्रमांक यालाच परत द्या. कुणी मागितलेला नसताना. त्या मुलाला एका संध्याकाळी घरी बोलवा आणि खिडकीतली उडी कशी घ्यायची, टाच आधी की चवडा, हे दाखवून द्या. दाखवा म्हणजे तोंडाने सांगा. गुडघा लक्षात ठेवा!

असंच पत्र एका ढोल-ताशा पथकातल्या बाईंचंही आलंय, आणि टेनिस बॉल क्रिकेटमध्ये 22 वर्षं सलामीला जाणाऱ्या एका गृहस्थांचंही. त्यांनाही मी हेच विचारते आहे. खेळ तुमच्या वयाला धरून बदलता येतो का, हे तुम्ही आपल्या माणसांशी बोललात का? की दोन्ही बाजूंनी फक्त ‘राहतो’ आणि ‘सोडतो’ एवढेच शब्द वापरले गेले?

आता ते वाक्य. तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, कंसात, जाता जाता तुम्ही लिहिलंय, “नायिका मात्र चार वेळा बदलल्या. पहिली माझ्याच वयाची होती, ती आता रंगभूषा बघते.”

लोइस मॅक्सवेल यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे का? त्यांचाही जन्म 1927 चा, मूर यांच्याच वर्षीचा. दोघं लंडनच्या एकाच नाट्यशाळेत शिकले. 1962 पासून 1985 पर्यंत, 14 चित्रपटांत, त्या बाँडच्या वरिष्ठांची सचिव मिस मनीपेनी होत्या, ऑफिसच्या टेबलामागे. बाँडने टोपी फेकायची, दोन गोड वाक्यं बोलायची आणि निघून जायचं, पन्नाशीतल्या मूर यांनी विशीतल्या नायिकांकडे. 1981 च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’मध्ये एक अल्लड मुलगी गळ्यात पडते तेव्हा बाँड तिला आइस्क्रीमचं आमिष दाखवून परत पाठवतो. वयाची जाण असलेला तो एक छान क्षण. पण त्याच चित्रपटातली नायिका कॅरोल बुके मूर यांच्यापेक्षा जवळपास 30 वर्षांनी लहान आहे आणि त्याबद्दल चित्रपट काहीच बोलत नाही. 1985 नंतर मूर आणि मॅक्सवेल एकदमच गेले. 1987 मध्ये नवा बाँड आला 41 वर्षांचा. नवी मनीपेनी पंचविशीच्या आसपासची.

तुमच्या मंडळातल्या पहिल्या नायिकेला भूमिका सोडायला कुणी आणि कधी सांगितलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कदाचित कुणी सांगितलंच नसेल. एका वर्षी पात्रयादीत दुसरं नाव दिसलं असेल. तुम्हाला 56 व्या वर्षी मंडळाने बैठक घेऊन, दुसरी भूमिका देऊ करून जे विचारलं, ते तिला चाळिशीत कुणी विचारलं होतं का? आणि तुम्ही त्या वेळी काही म्हणाला होतात का? मी दोष देत नाही, कॅप्टन. आपण सगळेच तेव्हा हे बघत नव्हतो. पण दरवर्षी तुमचे केस काळे करणारे, डोळ्यांखालच्या रेषा बुजवणारे हात तिचे आहेत. तुमचं वय गावात सर्वांत जवळून तिने पाहिलंय, वर्षानुवर्षं, तिसऱ्या घंटेआधीच्या त्या अर्ध्या तासात.

बैठक रविवारी आहे म्हणता. मग शनिवारी तिच्याकडे जा. राजीनाम्याचा कागद नेऊ नका, संहिता न्या. चीफच्या टेबलासमोर दुसरी खुर्ची ठेवली आणि त्या खुर्चीत तुमच्याबरोबर जुन्या कामगिऱ्यांवर गेलेली, तुमच्याच वयाची एक हेर बसली, तर ती काय बोलेल, हे तिला विचारा. ती लगेच उत्तर देणार नाही कदाचित. चहा होईपर्यंत थांबा.